माती, दूध, मासळी आणि मांस यांतील किरणोत्सारी दूषितता कशी मोजावी : नमुन्यापासून अहवालापर्यंत

प्रयोगशाळेत नमुना घेऊन येणारा बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो, "यात किरणोत्सर्ग आहे का?" याचे खरे उत्तर नेहमीच "आहे" असे असते. प्रत्येक सजीवात पोटॅशियम असते आणि नैसर्गिक पोटॅशियमच्या प्रत्येक ग्रॅममध्ये पोटॅशियम-४० या समस्थानिकाची (एकाच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या रूपाची) दर सेकंदाला सुमारे ३१ विघटने होत असतात, म्हणजे तितके अणू किरण सोडून बदलत असतात. एका सेकंदाला एक विघटन म्हणजे एक बेक्वेरेल. लिटरभर दुधात साधारण दीड ग्रॅम पोटॅशियम असते, म्हणजे कोणताही अणुअपघात झालेला नसतानाही त्या दुधात ४५ ते ५० बेक्वेरेल असणारच. म्हणून विश्लेषकाने पहिली गोष्ट करावी ती ही, की प्रश्न नीट करून घ्यावा. कोणता समस्थानिक शोधायचा आहे, कोणत्या पदार्थात, कोणत्या तारखेला आणि किती कमी पातळीपर्यंत, हे नमुना घेण्यापूर्वीच लिहून काढावे. अहवालातील आकड्याची विश्वासार्हता अर्ध्याहून अधिक या टप्प्यावर आणि नमुना गोळा करताना ठरते. महागड्या उपकरणाचा वाटा त्यानंतर येतो.

काय शोधायचे आणि कशात शोधायचे

मानवनिर्मित दूषिततेच्या तपासणीत तीन नावे सतत येतात. आयोडीन-१३१ चा अर्धायुकाल (निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ) अवघा ८ दिवसांचा असून ते गवतावरून गाईच्या दुधात आणि जनावराच्या थायरॉईड ग्रंथीत झपाट्याने पोहोचते. सीझियम-१३७ चा अर्धायुकाल सुमारे ३० वर्षांचा आहे आणि शरीर त्याला पोटॅशियमसारखे वागवत असल्यामुळे ते स्नायूंत, म्हणजे आपण ज्याला मांस म्हणतो त्या भागात, पसरते. स्ट्रॉन्शियम-९० चा अर्धायुकाल सुमारे २९ वर्षांचा असून ते कॅल्शियमच्या वाटेने हाडांत जाऊन बसते. यावरून निवड सरळ होते. ताज्या अपघातानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत दूध, गवत आणि थायरॉईड तपासावे, पुढील दशकांत माती, मांस आणि अळंबी तपासावीत, आणि स्ट्रॉन्शियमचा संशय असेल तर हाड किंवा दूध घ्यावे.

एक सावधगिरी आधीच सांगतो. शहरी सांडपाण्याच्या गाळात आयोडीन-१३१ सापडले म्हणजे कुठेतरी अणुभट्टी फुटली असा अर्थ होत नाही. थायरॉईडच्या उपचारासाठी हेच आयोडीन रुग्णांना दिले जाते आणि त्यांच्या मूत्रावाटे ते गटारात उतरते. मुंबईसारख्या शहरात असा निष्कर्ष निघाला तर प्रथम या शक्यतेचा विचार करावा आणि सोबत सीझियम आहे का ते पाहावे.

नमुना गोळा करणे

मातीसाठी निदान काही दशके न नांगरलेली, सपाट आणि उघडी जागा निवडावी. झाडाखालची, पागोळ्यांखालची, रस्त्याकडेची किंवा पाणी साचणारी जागा टाळावी, कारण अशा ठिकाणी पावसाने आणलेली दूषितता एकतर साठते किंवा धुऊन जाते. न ढवळलेल्या जमिनीत सीझियम चिकणमातीच्या कणांना घट्ट धरून राहते आणि बराच काळ वरच्या काही सेंटिमीटरांतच सापडते. नांगरलेल्या शेतात मात्र ते नांगराच्या खोलीपर्यंत मिसळते. म्हणून ठरावीक व्यासाची धातूची नळी वापरावी, खोली नोंदवावी, आणि एका जागेऐवजी त्याच आवारातील अनेक ठिकाणचे गाभे एकत्र करून एक नमुना करावा. नळीचा व्यास माहीत असल्यामुळे निकाल प्रति किलोग्रॅम आणि प्रति चौरस मीटर अशा दोन्ही रूपांत देता येतो. दूषितता जमिनीवर किती पडली हे दुसऱ्या रूपातूनच कळते. कोकणातील उताराच्या जमिनीवर मुसळधार पावसाने वरचा थर वाहून जातो, तेव्हा तेथील एकट्या नमुन्यावरून परिसराबद्दल काहीही बोलू नये.

गवत कापताना ते जमिनीपासून काही सेंटिमीटर वर कापावे, कारण मुळाशी चिकटलेली माती गवताच्या आकड्यात शिरली तर तो आकडा मातीचाच होऊन बसतो. कापलेल्या भागाचे क्षेत्रफळही लिहावे.

दूध संकलन केंद्रातून घेतले तर ते अनेक गोठ्यांचे मिश्रण असते आणि एका गाईचे घेतले तर ते एकाच गोठ्याचे असते. दोन्ही उपयोगी आहेत, पण त्यांची गल्लत होता कामा नये. दूध नासू नये म्हणून थोडे फॉर्मेलिन घालतात. नासून चोथा व पाणी वेगळे झाले की डिटेक्टरभोवती, म्हणजे किरण टिपणाऱ्या उपकरणाभोवती, पदार्थ एकसारखा राहत नाही आणि मोजणी बिघडते. दुधापासून काय बनवले आहे यालाही महत्त्व आहे. युक्रेनमधील चेर्नोबिल अणुवीज केंद्राच्या १९८६ मधील अपघातानंतर आयर्लंडहून मुंबईत आलेल्या लोण्यावरून वाद झाला, तो मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तज्ज्ञांच्या मताचा आधार घेऊन १९८८ मध्ये न्यायालयाने ते लोणी खाण्यास योग्य ठरवले. त्या काळची लोकांची भीती समजण्यासारखी होती, परंतु रसायनशास्त्राच्या बाजूने पाहिले तर सीझियम दुधाच्या पाणीदार भागात राहते आणि स्निग्धांशात फारसे जात नाही. तेव्हा लोण्यापेक्षा ताक आणि निवळीच तपासणाऱ्याचे लक्ष अधिक मागतात.

मासळीच्या बाबतीत ती कशी खाल्ली जाते हे आधी विचारावे. बांगड्याचे मांस काढून मोजणे योग्य आहे, कारण काटे आणि आतडी आपण टाकून देतो. मांदेलीसारखी लहान मासळी काट्यांसकट खाल्ली जाते, म्हणून ती तशीच दळावी, नाहीतर हाडांतील स्ट्रॉन्शियम हिशेबातून सुटते. आतडी कधीही मांसात मिसळू नयेत, कारण त्यांत समुद्रतळाचा गाळ असतो. तारापूरला १९६९ मध्ये अणुवीज केंद्र सुरू झाले आणि भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा तेथे मासळी, समुद्राचे पाणी, माती, दूध अशा नमुन्यांची नियमित तपासणी करते. अशा दीर्घकालीन मालिकेत नमुन्याची जात, अवयव आणि हंगाम बदलला तर आकड्यांतला चढउतार दूषिततेचा की पद्धतीचा, हे सांगताच येत नाही.

जनावराचे मांस घेताना शक्यतो एकाच स्नायूचा भाग ठरवून घ्यावा. थायरॉईड, हाड आणि पोटातील चारा वेगळ्या पिशव्यांत ठेवावेत. वन्य प्राण्याचा मृतदेह असेल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वनखात्याच्या परवानगीशिवाय त्याला हात लावू नये. येथे किरणोत्सर्गापेक्षा जंतूंचा धोका मोठा असतो, हे नवीन विश्लेषक बरेचदा विसरतो. हातमोजे, मुखपट्टी आणि निर्जंतुकीकरण हे पशुवैद्यकीय शिस्तीनेच पाळावे.

प्रत्येक पिशवीवर जागा, अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ, घेणाऱ्याची सही आणि ओले वजन असावे. यातले ओले वजन जागेवर किंवा शक्य तितक्या लवकर घ्यावे.

नमुन्याची तयारी

मातीतून दगड आणि मुळे काढून ती १०५ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवावी, कुटून २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळावी आणि नीट मिसळावी. मांस आणि मासळी वाळवून दळता येते, आणि पातळी फार कमी असेल तर भट्टीत राख करून आकारमान घटवता येते. मात्र तापमान ४५० अंशांच्या वर जाऊ देऊ नये, कारण त्यापुढे सीझियम उडून जाऊ लागते आणि निकाल नकळत कमी येतो. आयोडीन शोधायचे असेल तर तापवण्याचा विचारच करू नये. नमुना ताजाच मोजावा किंवा दुधातील आयोडीन आयन-विनिमय रेझिनवर (विद्युतभारित कण धरून ठेवणाऱ्या दाण्यांवर) पकडावे.

ओल्या आणि सुक्या वजनाचा घोळ हा या क्षेत्रातला सर्वांत सामान्य घोळ आहे. ओल्या बोंबलात पाणी नव्वद टक्क्यांच्या घरात असते. तोच बोंबील वाळवला की एक कणही दूषितता न वाढता प्रति किलोग्रॅमचा आकडा अनेक पटींनी वाढतो. म्हणून सुका बोंबील किंवा सुका जवळा मोजला असेल तर आकडा सुक्या वजनाचा आहे असे स्पष्ट लिहावे आणि ओल्या-सुक्या वजनांचे गुणोत्तर सोबत द्यावे. अन्नाच्या कायदेशीर मर्यादा सामान्यतः ओल्या, म्हणजे विकल्या जाणाऱ्या स्थितीतील वजनावर असतात, हेही ध्यानात असावे.

समुद्राच्या पाण्याची अडचण वेगळी आहे. त्यात पोटॅशियम-४० प्रति लिटर सुमारे १२ बेक्वेरेल असते, तर सीझियम-१३७ प्रति लिटर काही मिलिबेक्वेरेल असते. म्हणून शेकडो लिटर पाणी तांब्याच्या फेरोसायनाइडचा लेप असलेल्या गाळणीतून जाऊ देतात. सीझियम तीवर अडकते आणि मग गाळणीच मोजता येते.

दळणयंत्र, चाळणी आणि भांडी यांतून एका नमुन्याचा अंश दुसऱ्यात जाणे हा छुपा शत्रू आहे. कमी दूषित असण्याची शक्यता असलेले नमुने आधी आणि अधिक दूषित नंतर अशा क्रमाने काम करावे, आणि अधूनमधून स्वच्छ वाळू किंवा शुद्ध पाणी याच सर्व पायऱ्यांतून नेऊन तेही मोजावे.

भांडे, डिटेक्टर आणि मोजणी

तयार नमुना मॅरिनेली भांड्यात भरतात. या भांड्याच्या तळाला आत वर गेलेली पोकळी असते, ती डिटेक्टरवर टोपीसारखी बसते आणि नमुना त्याला वरून व बाजूंनी वेढतो. भरण्याची उंची दर वेळी रेषेपर्यंत तंतोतंत असावी, पोकळ जागा राहू नये आणि भांड्याबाहेर पातळ प्लॅस्टिकचे आवरण असावे, म्हणजे डिटेक्टर कधीच मळत नाही. मातीतील रेडियमही मोजायचे असेल तर भांडे हवाबंद करून तीन ते चार आठवडे ठेवावे लागते, कारण रेडियमपासून बनणाऱ्या, ३.८ दिवसांच्या अर्धायुकालाच्या रेडॉन वायूला आणि त्याच्या वंशजांना समतोल (जितके बनते तितकेच विघटित होण्याची स्थिती) गाठायला तेवढा वेळ लागतो.

डिटेक्टर शक्यतो अतिशुद्ध जर्मेनियमचा असावा. तो द्रव नायट्रोजनने किंवा विजेच्या शीतकाने अतिशीत ठेवतात आणि त्याच्याभोवती साधारण १० सेंटिमीटर जाडीचे शिशाचे कवच असते. शिशातून निघणारे क्ष-किरण अडवण्यासाठी कवचाला आतून कथिल व तांब्याचे अस्तर लावतात. समस्थानिकाच्या गॅमा किरणांची ऊर्जा ठरावीक असते आणि ती केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट) या एककात मोजतात; ऊर्जेनुसार नोंदींचा आलेख म्हणजे वर्णपट, आणि त्यात त्या ऊर्जेला जो उंचवटा दिसतो त्याला रेषा म्हणतात. जर्मेनियम १३३२ केईव्ही ऊर्जेला सुमारे २ केईव्ही अंतरावरच्या रेषा वेगळ्या दाखवू शकतो. सोडियम आयोडाइडचा डिटेक्टर स्वस्त, दणकट आणि शेतावर नेण्याजोगा आहे, पण सीझियमच्या ६६२ केईव्हीच्या रेषेवर त्याचे विभेदन (रेषेची रुंदी) सुमारे ७ टक्के, म्हणजे जवळजवळ ४६ केईव्ही असते. त्यामुळे मातीतील रेडियमपासून बनणाऱ्या नैसर्गिक बिस्मथ-२१४ ची ६०९ केईव्हीची रेषा आणि सीझियमची रेषा त्यात एकमेकींवर चढतात, आणि रेडियमने समृद्ध अशा निरुपद्रवी मातीत सीझियम असल्याचा भास होतो. तरीही प्राथमिक चाळणीसाठी हे उपकरण उत्तम आहे. चेर्नोबिलनंतर ब्रिटनच्या डोंगराळ भागातील जिवंत मेंढ्यांवर ते टेकवून प्रति किलोग्रॅम १००० बेक्वेरेलच्या मर्यादेसाठी त्यांची छाननी केली जात असे, आणि हे निर्बंध २०१२ मध्ये उठवले गेले.

मोजणीपूर्वी दोन अंशांकने करावी लागतात, म्हणजे उपकरण ज्ञात स्रोतांशी जुळवून घ्यावे लागते. ऊर्जेचे अंशांकन सीझियम-१३७, कोबाल्ट-६० आणि युरोपियम-१५२ यांच्या प्रमाणित स्रोतांनी होते. कार्यक्षमतेचे अंशांकन, म्हणजे नमुन्यातून निघालेल्या शंभर गॅमा किरणांपैकी किती पूर्ण ऊर्जेने नोंदले जातात हे ठरवणे, त्याच आकाराच्या भांड्यात आणि शक्यतो त्याच घनतेच्या प्रमाणित मिश्रणाने करावे. पाण्यावर केलेले अंशांकन दाट मातीला तसेच लावले तर कमी ऊर्जेच्या रेषांचे निकाल चुकतात, कारण माती स्वतःच त्या किरणांचा बराच भाग शोषते. अणुभट्टीत सीझियम-१३७ सोबत तयार होणाऱ्या सीझियम-१३४ च्या बाबतीत आणखी एक गोम आहे. त्याचे गॅमा किरण एकामागोमाग एक, जवळजवळ एकाच क्षणी निघतात; नमुना डिटेक्टरला चिकटून असला की दोन किरण एकत्र नोंदले जातात आणि दुरुस्ती न केल्यास निकाल लक्षणीय कमी येतो. सीझियम-१३७ ला हा त्रास नाही.

रिकाम्या भांड्याची दीर्घ मोजणी ठरावीक काळाने करावी आणि ती प्रत्येक नमुन्यातून वजा करावी. कमी पातळीच्या पर्यावरणीय नमुन्याला काही तासांपासून एक-दोन दिवसांपर्यंत वेळ द्यावा लागतो. अहवालाची घाई असणाऱ्याला हे आधीच सांगून ठेवावे.

वर्णपट वाचणे

संगणकाने दिलेली यादी छापण्यापूर्वी वर्णपट स्वतः डोळ्यांनी पाहावा. प्रथम १४६१ केईव्हीला पोटॅशियम-४० शोधावे. दुधात, मांसात किंवा मासळीत ते अपेक्षेइतके दिसले नाही तर नमुना, वजन किंवा अंशांकन यांपैकी काहीतरी चुकले आहे आणि पुढचा सर्व खटाटोप थांबवावा. पदरमोड न करता मिळणारी यापेक्षा चांगली चाचणी मला माहीत नाही. मग सीझियम-१३७ ची ६६१.७, सीझियम-१३४ ची ६०४.७ व ७९५.९ आणि आयोडीन-१३१ ची ३६४.५ केईव्हीची रेषा पाहावी. सीझियम-१३४ चा दावा करताना त्याच्या दोन्ही रेषा एकाच पातळीचे उत्तर देतात का, हे तपासावे, कारण पहिली रेषा बिस्मथ-२१४ च्या ६०९ च्या अगदी शेजारी आहे.

सीझियमच्या या दोन समस्थानिकांचे गुणोत्तर बरेच काही सांगते. चेर्नोबिलमधून बाहेर पडलेल्या दूषिततेत सीझियम-१३४ हे सीझियम-१३७ च्या साधारण निम्मे होते, तर २०११ च्या फुकुशिमा अपघातात दोन्ही जवळजवळ सारखी होती. अणुचाचण्यांच्या धुळीत सीझियम-१३४ नगण्य असते. सीझियम-१३४ चा अर्धायुकाल २ वर्षांच्या थोडा वर असल्याने चेर्नोबिलचे सीझियम-१३४ आज पाच लाखांहून अधिक पटींनी घटले आहे. म्हणून आजच्या नमुन्यात ते स्पष्ट दिसले तर स्रोत नवा आहे असे समजून तातडीने दुसरा नमुना घ्यावा.

आकडेमोड

समजा, १ किलोग्रॅम दूध ६०,००० सेकंद मोजले. ६६१.७ केईव्हीच्या रेषेच्या शिखराखाली एकूण २८४२ नोंदी आल्या आणि तितक्याच रुंदीच्या शेजारच्या पट्ट्यांवरून पार्श्वभूमी ८०० नोंदींची ठरली, तर निव्वळ नोंदी २०४२ होतात. कार्यक्षमता २ टक्के आहे आणि सीझियम-१३७ च्या १०० विघटनांमागे या ऊर्जेचे सुमारे ८५ गॅमा किरण निघतात. निव्वळ नोंदींना कार्यक्षमता, हे प्रमाण, काळ आणि वजन यांच्या गुणाकाराने भागले की प्रति किलोग्रॅम २.० बेक्वेरेल हे उत्तर मिळते.

येथे थांबणारा अहवाल अपुरा आहे. एकूण आणि पार्श्वभूमी नोंदींच्या बेरजेचे वर्गमूळ सुमारे ६० येते, म्हणजे मोजणीची अनिश्चितता ३ टक्के. कार्यक्षमतेची ४ टक्के आणि वजनाची १ टक्का धरून तिन्हींच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ घेतले की ५ टक्के होतात. सुमारे ९५ टक्के खात्रीसाठी ही अनिश्चितता दुप्पट धरून निकाल २.० ± ०.२ असा लिहावा. त्याच पार्श्वभूमीवर किमान शोधनीय पातळीही, म्हणजे जिच्याखालचे सीझियम खात्रीने ओळखता येत नाही ती पातळी, काढावी. ८०० च्या वर्गमूळाला ४.६५ ने गुणून २.७१ मिळवले की १३४ नोंदी होतात आणि वरच्याच भागाकाराने ती पातळी प्रति किलोग्रॅम सुमारे ०.१३ बेक्वेरेल येते. सीझियम सापडले नाही तर "शून्य" लिहू नये, "०.१३ पेक्षा कमी" असे लिहावे.

आकडा कोणत्या तारखेचा आहे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. आयोडीनचा नमुना १६ दिवसांनी मोजला आणि १०० बेक्वेरेल मिळाले, तर नमुना घेतला त्या दिवशी ते सुमारे ४०० होते. हा संदर्भदिन अहवालात नसेल तर आकड्याला अर्थ उरत नाही.

स्ट्रॉन्शियमची वेगळी वाट

स्ट्रॉन्शियम-९० फक्त बीटा कण (वेगवान इलेक्ट्रॉन) सोडते, त्यामुळे गॅमा वर्णपटात ते दिसतच नाही. हाडाची किंवा दुधाची राख करावी, तीत वजन माहीत असलेले अकिरणोत्सारी स्ट्रॉन्शियम मिसळावे आणि कॅल्शियमपासून ते रासायनिक रीतीने वेगळे करावे. शेवटी किती हाती लागले यावरून वाया गेलेल्याचा हिशेब होतो. वेगळे केलेले स्ट्रॉन्शियम दोन आठवडे ठेवले की त्यातून जन्मणारे यिट्रियम-९० समतोलाच्या, म्हणजे स्ट्रॉन्शियमइतकीच विघटने होण्याच्या पातळीच्या, सुमारे ९७ टक्क्यांपर्यंत वाढते. ते काढून बीटा गणकावर काही दिवस पुन्हा पुन्हा मोजावे. नोंदी ६४ तासांच्या अर्धायुकालाने घटत गेल्या तरच ते शुद्ध यिट्रियम मानावे. हे काम वेळखाऊ आहे, तेव्हा कारण असल्याशिवाय प्रत्येक नमुन्यावर करू नये.

अहवाल आणि त्याचा अर्थ

प्रयोगशाळेने आपल्या पद्धतीची चाचणी प्रयोगशाळांसाठीच्या आयएसओ १७०२५ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार मान्यता घ्यावी, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमाणित माती-मासळीचे नमुने नियमित मोजावेत आणि तुलनात्मक चाचण्यांत भाग घ्यावा. निकालाशेजारी मर्यादा लिहायची तर ती कोणाची, हे सांगावे. मांसासारख्या सर्वसाधारण अन्नातील सीझियमसाठी जर्मनीत प्रति किलोग्रॅम ६०० बेक्वेरेल, जपानमध्ये २०१२ पासून १००, आणि नॉर्वेने १९८६ मध्ये रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांचा व्यवसाय टिकावा म्हणून रेनडिअरच्या मांसासाठी थेट ६०००, अशी ही मर्यादा बदलत आली आहे. "सुरक्षित" हा शब्द विश्लेषकाने आपणहून वापरू नये. मात्रेचा, म्हणजे शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाचा, हिशेब मात्र जरूर द्यावा; ती मायक्रोसीव्हर्ट या एककात मोजतात. वरच्या उदाहरणातील दूध वर्षाला २०० लिटर प्यायले तर सुमारे ४०० बेक्वेरेल पोटात जातील आणि प्रौढासाठी एका बेक्वेरेलमागे ०.०१३ मायक्रोसीव्हर्ट धरून ५ मायक्रोसीव्हर्ट होतील. जगात सरासरी नैसर्गिक मात्राच वर्षाला २४०० मायक्रोसीव्हर्ट आहे.

मोजून झालेला नमुना फेकू नये. जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातील रानडुकरांच्या मांसात सीझियम दशकानुदशके का घटत नाही, याचा शोध घेणारा एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४८ नमुन्यांपैकी ८८ टक्के नमुने जर्मनीच्या मर्यादेपलीकडे होते, आणि सीझियम-१३५ व सीझियम-१३७ यांचे स्रोतानुसार बदलणारे गुणोत्तर वस्तुमान वर्णपटमापीने (अणू वजनानुसार वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणाने) मोजल्यावर दिसले, की त्यातील १० ते ६८ टक्के वाटा चेर्नोबिलचा नसून जुन्या अणुचाचण्यांचा होता. ही डुकरे जमिनीखालची अळंबी उकरून खातात आणि तेथे दोन्ही काळांतील सीझियम खाली झिरपून साठले आहे. गॅमा डिटेक्टर एकटा हा भेद कधीच दाखवू शकला नसता. म्हणून वाळवलेला किंवा राख केलेला उरलेला अंश हवाबंद काचेच्या बाटलीत ठेवावा आणि बाटलीवर नमुना क्रमांक, घेतल्याची तारीख आणि ओल्या-सुक्या वजनांचे गुणोत्तर न पुसणाऱ्या शाईने लिहावे.